एकटीने लढता येत नाही: महिला एमएमए कसं वाढलं

जुलै 2014 मध्ये एमएमए या लढतीच्या खेळातली तेव्हाची अमेरिकन विजेती रोंडा राउझी हिने ॲलेक्सिस डेव्हिसला 16 सेकंदांत हरवलं. फेब्रुवारी 2015 मध्ये कॅट झिंगानोचा निकाल 14 सेकंदांत लागला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेथ कोरेयाचा 34 सेकंदांत. तिन्ही लढती विजेतेपदाच्या होत्या, म्हणजे प्रत्येकीसाठी पाच-पाच मिनिटांचे पाच राउंड राखून ठेवलेले. तिन्ही मिळून लागलं जेमतेम एक मिनिट चार सेकंद. राउझीला हरवणारी अजून जन्माला यायची आहे, असं तेव्हा सर्रास बोललं जायचं.

राउझी असामान्य खेळाडू होती यात वादच नाही. पण जगातल्या सर्वांत तगड्या आव्हानवीर म्हणून निवडलेल्या तिघींची मिळून सव्वा मिनिटसुद्धा लढत होत नसेल, तर त्यातून आणखी एक गोष्ट कळते. पहिल्या क्रमांकावरची आणि तिच्या मागच्या यांच्यात प्रचंड दरी होती, कारण मधल्या पायऱ्या अजून पुरत्या बांधल्याच गेल्या नव्हत्या. महिला एमएमएचा इतिहास बहुतेक ठिकाणी राउझीचं चरित्र म्हणून सांगितला जातो. मला तो या पायऱ्यांचा इतिहास वाटतो. कुठल्याही वजनी गटात एक तारका असून भागत नाही. तिच्यासमोर उभ्या राहतील, तिला अडचणीत आणतील, कधी हरवतील अशा पंधरा-वीस जणी लागतात. जिथे त्या मिळाल्या तिथे खेळ बहरला, जिथे मिळाल्या नाहीत तिथे गटच बंद पडला.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. बॉक्सिंगमधले ठोसे, किकबॉक्सिंग आणि मुए थाईमधल्या लाथा, गुडघे, कोपरं, कुस्तीतले पट काढून खाली पाडणारे डाव, ज्यूदोतल्या फेकी आणि ब्राझिलियन जिउ-जित्सूमधले सांधे पिळण्याचे व गळा आवळण्याचे पेच, हे सगळं एकाच लढतीत चालतं. हातात बोटं मोकळी राहतील असे पातळ ग्लोव्ह्ज असतात, म्हणजे ठोसाही मारता येतो आणि पकडही घेता येते. साधी लढत तीन राउंडची, विजेतेपदाची पाच राउंडची. निकाल चार-पाच प्रकारे लागतो: समोरची बेशुद्ध पडली, रेफरीने मार थांबवला, डॉक्टरने लढत थांबवली, समोरचीने हाताने थोपटून हार मान्य केली, किंवा वेळ संपली आणि तीन पंचांच्या गुणांवर फैसला झाला. डोळ्यात बोट घालणं, चावणं, डोक्याच्या मागच्या बाजूला मारणं असल्या गोष्टींना मनाई आहे. बायकांसाठी आणि पुरुषांसाठी नियम एकच आहेत. आज हे साहजिक वाटतं, पण तिथवर पोचायलाही वेळ गेला.

सुरुवात जपानमध्ये

अमेरिकेत यूएफसी ही स्पर्धा नोव्हेंबर 1993 मध्ये सुरू झाली आणि पुढे ती या खेळातली सर्वांत मोठी संस्था बनली, पण तिच्यात बाई उतरायला तब्बल 19 वर्षं लागली. बायकांच्या एमएमएची पहिली ठळक पायरी जपानमध्ये बांधली गेली. तिथे बायकांच्या प्रो-रेसलिंगची, म्हणजे निकाल आधी ठरवून प्रेक्षकांसाठी केलेल्या कुस्तीची, मोठी परंपरा होती, प्रेक्षक होते आणि ज्यूदो शिकलेल्या मुली होत्या. 1995 मध्ये तिथल्या महिला प्रो-रेसलिंग संस्थेने एल-1 नावाची स्पर्धा भरवली. वजनी गट नव्हतेच. त्यामुळे जिंकली रशियाची धिप्पाड ज्यूदोपटू स्वेतलाना गुंदारेन्को. तिने हरवलेल्यांत होती शिनोबु कांदोरी, जी स्वतः ज्यूदोतून प्रो-रेसलिंगमध्ये आलेली आणि जपानमध्ये फार मानली जाणारी खेळाडू. वजनी गट नसले की कौशल्याआधी आकारमान बोलतं, हे पहिल्याच मोठ्या स्पर्धेत दिसून आलं.

पुढे डिसेंबर 2000 मध्ये रीमिक्स ही स्पर्धा झाली आणि ती 19 वर्षांच्या मार्लुस कूनन या डच मुलीने जिंकली. मग स्मॅकगर्ल ही फक्त बायकांची स्पर्धामालिका आली आणि ती थांबल्यावर 2008 मध्ये ज्वेल्स. याच वातावरणात मेगुमी फुजी घडली. 2004 ते 2010 या काळात ती सलग 22 लढती जिंकली. अंगाने लहानखुरी, पण जमिनीवरच्या पेचांत इतकी तरबेज की समोरचीला आपला पाय नेमका कधी अडकला हे कळायच्या आत थोपटावं लागायचं. तिचं नाव आज फारसं कुणाच्या तोंडी नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिचा उमेदीचा काळ संपत आला तेव्हा कुठे मोठ्या संस्थांनी बायकांसाठी दारं उघडली.

अमेरिकेत एप्रिल 2002 मध्ये हुकएनशूट या छोट्या संस्थेने इंडियाना राज्यात फक्त बायकांच्या लढतींचा कार्यक्रम केला. याच संस्थेत पुढच्या वर्षी रॉक्सन मोडाफेरी पहिल्यांदा लढली. हे नाव लक्षात ठेवावं असं आहे. मोडाफेरी काही वर्षं जपानमध्ये इंग्रजी शिकवून राहिली आणि तिथल्या स्पर्धांमध्ये लढली. त्या काळात नुसत्या लढतींवर पोट भरणं बायकांसाठी जवळपास अशक्य होतं, आणि त्यातून वजन जुळणारी प्रतिस्पर्धी मिळणं आणखी अवघड. जी मिळेल तिच्याशी, ज्या वजनावर जमेल त्या वजनावर लढायचं. आजच्या मुलींना विमानाचं तिकीट, वजनी गट आणि क्रमवारी तयार मिळते, ती या अशा बायकांच्या जिवावर. मोडाफेरी 2022 मध्ये यूएफसीतूनच निवृत्त झाली, म्हणजे पहिल्या पिढीतून शेवटच्या पायरीपर्यंत स्वतःच्या पायांनी चढून आलेल्या मोजक्या खेळाडूंपैकी ती एक.

तीन मिनिटांचे राउंड

अमेरिकन टीव्हीवर बायकांची लढत पोचली ती जिना कारानोमुळे. फेब्रुवारी 2007 मध्ये शोटाइम वाहिनीवर कारानो आणि ज्युली केड्झी यांची लढत झाली आणि त्या रात्री लोकांनी सगळ्यांत जास्त चर्चा त्याच लढतीची केली. मे 2008 मध्ये कारानो सीबीएसवर, म्हणजे घराघरांत फुकट दिसणाऱ्या वाहिनीवर लढली. पण ती लढत तीन मिनिटांच्या राउंडची होती. पुरुषांना पाच मिनिटं, बायकांना तीन. त्यामागचा समज सरळ होता: बायकांचा दम पुरणार नाही. या समजाचा खेळावर काय परिणाम होतो हे नीट बघायला हवं. जमिनीवरचा डाव हळूहळू शिजतो. आधी खाली पाडा, मग पाय सोडवा, मग वरची जागा पक्की करा, मग हात किंवा गळा शोधा. तीन मिनिटांत हे व्हायच्या आत घंटा वाजते आणि दोघी परत उभ्या. म्हणजे कुस्ती आणि जिउ-जित्सूतून आलेल्या मुलींचं नुकसान, ठोसे मारणाऱ्यांचा फायदा. वेळ कापली की खेळाचा अर्धा भाग कापला जातो.

15 ऑगस्ट 2009 या दिवशी हे बदललं. सॅन होजेमध्ये स्ट्राइकफोर्स या संस्थेने कारानो विरुद्ध ब्राझीलची क्रिस सायबॉर्ग ही लढत रात्रीची मुख्य लढत म्हणून ठेवली, पाच मिनिटांच्या पाच राउंडची. मोठ्या संस्थेच्या कार्यक्रमात बायका मुख्य लढतीत असण्याची ही पहिलीच वेळ. 13 हजारांहून जास्त प्रेक्षक आले. सायबॉर्गने पहिला राउंड संपायला एक सेकंद असताना, 4 मिनिटं 59 सेकंदांवर, कारानोला ठोशांनी निष्प्रभ केलं आणि रेफरीने लढत थांबवली. पोस्टरवर चेहरा कारानोचा होता, प्रसिद्धी तिच्या दिसण्याभोवती फिरत होती. विजेतेपदाचा पट्टा मात्र सायबॉर्गने नेला.

कारानो त्यानंतर सिनेमाकडे वळली. आणि इथेच पायऱ्या नसण्याचा फटका बसला. एक चेहरा गेला आणि सगळं थबकल्यासारखं झालं. डिसेंबर 2011 मध्ये सायबॉर्ग उत्तेजक चाचणीत दोषी ठरली, वर्षभराची बंदी आली, तिचा पट्टाही गेला. जानेवारी 2011 मध्ये यूएफसीचे प्रमुख डेना व्हाइट यांना कॅमेऱ्यासमोर विचारलं गेलं होतं, यूएफसीत बायका कधी दिसणार? त्यांचं उत्तर होतं, कधीच नाही.

ज्यूदोच्या मॅटवरून

त्यांनी दोन वर्षांच्या आत मत बदललं ते राउझीमुळे, हे खरंच आहे. पण राउझी आली कुठून? 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तिने ज्यूदोत कांस्यपदक जिंकलं होतं. महिला ज्यूदोला ऑलिम्पिकमध्ये पूर्ण मान मिळाला 1992 मध्ये. तायक्वांदो 2000 मध्ये आलं, महिला कुस्ती 2004 मध्ये, महिला बॉक्सिंग तर थेट 2012 मध्ये. या तारखा एमएमएच्या इतिहासात सहसा कुणी सांगत नाही, पण मला त्या सगळ्यांत महत्त्वाच्या वाटतात. एखादा खेळ ऑलिम्पिकमध्ये गेला की देशोदेशी मुलींसाठी प्रशिक्षक नेमले जातात, शिबिरं होतात, प्रवासाचा खर्च मिळतो. दहा-बारा वर्षांनी त्या मुली पंचविशीत येतात, स्पर्धात्मक ज्यूदो किंवा कुस्ती संपवतात आणि पुढे काय करायचं हा प्रश्न त्यांच्यासमोर असतो. एमएमएने त्या प्रश्नाला उत्तर दिलं. 2004 मध्ये अथेन्सला कुस्तीचं रौप्यपदक जिंकणारी सारा मॅकमन फेब्रुवारी 2014 मध्ये राउझीसमोर उभी राहिली तेव्हा यूएफसीत पहिल्यांदाच दोन ऑलिम्पिक पदकविजेत्या एकमेकींशी लढत होत्या. पुरुषांच्याही बाबतीत हे आधी घडलेलं नव्हतं.

राउझीने मार्च 2012 मध्ये मीशा टेटला हरवून स्ट्राइकफोर्सचा पट्टा घेतला आणि 23 फेब्रुवारी 2013 ला ॲनाहाइममध्ये यूएफसीतली बायकांची पहिली लढत झाली, 135 पौंडांच्या गटात: राउझी विरुद्ध लिझ कार्मूश. कार्मूश पूर्वी अमेरिकी मरीन दलात होती. ही लढत आवर्जून बघावी, कारण पाच मिनिटांत सगळा खेळ कळतो. सुरुवातीलाच राउझी जवळ गेली आणि धडपडीत तिची पाठ कार्मूशकडे झाली. कार्मूश उभ्या उभ्या तिच्या पाठीवर चढली, पायांनी कंबर जखडली आणि हात गळ्याखाली नेण्याचा प्रयत्न केला. तो नीट बसेना तेव्हा तिने राउझीचा जबडा आणि मानच पिळायला घेतली. राउझी दुसऱ्याच्या संपूर्ण वजनासह उभी, मान वाकडी झालेली. या क्षणी कार्मूश जिंकली असती तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता. राउझीने तिचे पाय सोडवून तिला खाली टाकलं, मग वरून दाब ठेवला आणि तिच्या हाताकडे गेली.

राउझीचा हुकमी डाव म्हणजे आर्मबार. समोरची उताणी असताना तिचा एक हात आपल्या दोन मांड्यांमध्ये घ्यायचा, पाय तिच्या छातीवर आणि चेहऱ्यावर आडवे टाकायचे, मनगट छातीशी धरायचं आणि मागे झुकत कंबर वर उचलायची. कोपर उलट्या दिशेने वाकायला लागतं. थोपटलं नाही तर सांधा जातो. यातून वाचायचा एक उपाय म्हणजे आपले दोन्ही हात एकमेकांत घट्ट गुंतवून ठेवणं. कार्मूशने ते केलं, बराच वेळ धरून ठेवलं. शेवटी पकड सुटली, हात सरळ झाला आणि 4 मिनिटं 49 सेकंदांवर तिने थोपटलं. त्या रात्रीच्या जाहीर झालेल्या मानधनात राउझीचे 90 हजार डॉलर होते आणि कार्मूशचे 12 हजार. इतिहास घडवणाऱ्या लढतीतल्या दुसऱ्या बाईला मिळालेली ही रक्कम पाहिली की मधल्या पायरीवरचं जगणं किती कठीण होतं याची कल्पना येते.

पायऱ्या कुणी बांधल्या

यूएफसीने दार उघडण्याच्या दहा महिने आधी, एप्रिल 2012 मध्ये, कॅन्सस सिटीत इन्व्हिक्टा या संस्थेचा पहिला कार्यक्रम झाला. शॅनन नॅप आणि जॅनेट मार्टिन या दोघींनी ती उभी केली, फक्त बायकांसाठी. एका रात्रीत दहाहून जास्त लढती, सगळ्या बायकांच्या. इथे नवख्या मुलींना नवख्या मुली मिळायच्या, अनुभवी बायकांना अनुभवी. हरलेल्या मुलीला पुढच्या वेळी परत बोलावलं जायचं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण खेळाडू घडते ती अशाच हरण्या-जिंकण्यातून.

याचं फळ 2013 च्या अखेरीस दिसू लागलं. यूएफसीने 115 पौंडांचा, म्हणजे साधारण 52 किलोंचा स्ट्रॉवेट गट सुरू करायचं ठरवलं आणि इन्व्हिक्टाच्या 11 जणींना एकदम करारबद्ध केलं. मग 16 जणींना घेऊन एक रिॲलिटी स्पर्धा केली, त्यातून डिसेंबर 2014 मध्ये कार्ला एस्पार्झा पहिली विजेती ठरली. म्हणजे गट जन्माला आला तोच भरलेल्या घरासारखा, पहिल्या दिवसापासून 16 जणींची क्रमवारी घेऊन. तीनच महिन्यांत पोलंडच्या योआना येन्जेचिकने एस्पार्झाला हरवलं, पाच वेळा पट्टा राखला, मग नोव्हेंबर 2017 मध्ये तो रोझ नामायुनसकडे गेला, पुढे जेसिका आंद्राजीकडे, आणि ऑगस्ट 2019 मध्ये शेन्झेनमध्ये चीनच्या झांग वेइलीने आंद्राजीला 42 सेकंदांत हरवून तो घेतला. यूएफसीची पहिली चिनी विजेती एक बाई आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण 145 पौंडांच्या, साधारण 66 किलोंच्या फेदरवेट गटाचं. फेब्रुवारी 2017 मध्ये यूएफसीने हा पट्टा जाहीर केला तेव्हा गटात खेळाडूच नव्हत्या. पहिल्या लढतीतल्या हॉली होम आणि जर्मेन डे रँडमी दोघीही खालच्या, 135 पौंडांच्या गटातून वर आलेल्या. डे रँडमी जिंकली, तिने सायबॉर्गशी लढायला नकार दिला आणि काही महिन्यांत पट्टा काढून घेतला गेला. जुलैमध्ये रिकाम्या पट्ट्यासाठी सायबॉर्गसमोर टोन्या एव्हिंजरला उभं केलं, तीही खालच्या गटातली. या गटाची अधिकृत क्रमवारी यूएफसीने कधी काढलीच नाही, कारण काढण्याइतक्या जणी नव्हत्या. डिसेंबर 2018 मध्ये 135 पौंडांच्या गटाची विजेती, ब्राझीलच्या अमांडा नुनेसने सायबॉर्गला 51 सेकंदांत हरवलं आणि एकाच वेळी दोन गटांचे पट्टे धरणारी पहिली बाई ठरली. जून 2023 मध्ये ती निवृत्त झाली आणि तिच्याबरोबर गटच संपला. सायबॉर्ग आणि नुनेस, या खेळातली दोन सर्वांत मोठी नावं या गटाला लाभली होती. तरी तो जगला नाही.

मेलबर्न आणि त्यानंतरचे आठ महिने

राउझीकडे परत येऊ. नोव्हेंबर 2015, मेलबर्नचं स्टेडियम, 56,214 प्रेक्षक. मुख्य लढत बायकांची आणि तिच्या आधीचीही बायकांची. समोर हॉली होम, व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये अनेक जागतिक विजेतेपदं घेतलेली, किकबॉक्सिंग कोळून प्यालेली. आधीच्या प्रतिस्पर्धी राउझीला जवळ येऊ देत किंवा स्वतःच तिच्या अंगावर जात, आणि ज्यूदोपटूच्या पकडीत सापडत. होमने तसं केलं नाही. ती डावखुऱ्या पवित्र्यात, गोल गोल सरकत राहिली. राउझी सरळ रेषेत धावून आली की होम बाजूला व्हायची आणि जाता जाता सरळ डावा ठोसा तोंडावर बसायचा. पहिल्या राउंडच्या शेवटी राउझीचं तोंड रक्ताळलेलं होतं. दुसऱ्या राउंडच्या 59 व्या सेकंदाला होमची डावी लाथ तिच्या मानेवर आणि जबड्यावर बसली आणि ती कोसळली.

त्यानंतर जे घडलं ते मला त्या लाथेपेक्षा मोलाचं वाटतं. मार्च 2016 मध्ये मीशा टेटने पाचव्या राउंडमध्ये गळा आवळून होमला हरवलं. जुलैमध्ये नुनेसने टेटला पहिल्याच राउंडमध्ये संपवलं. आठ महिन्यांत एकच पट्टा चार जणींच्या कमरेला. राउझीने टेटला दोनदा हरवलं होतं, टेटने होमला, होमने राउझीला. कोण सरस हे आता कागदावर ठरवता येत नव्हतं, कारण शैलीला शैली भिडत होती. आणि नुनेस? ती 2014 मध्ये झिंगानोकडून हरली होती, त्या झिंगानोकडून जिला राउझीने 14 सेकंदांत हरवलं. नुनेसला हरायला, शिकायला आणि परत चढायला जागा मिळाली म्हणून ती घडली. डिसेंबर 2016 मध्ये तिने राउझीला 48 सेकंदांत हरवलं.

पंच काय बघतात

खेळ खोल झाला की लढती लांबतात आणि निकाल पंचांच्या हातात जातात, म्हणून गुण कसे देतात हे कळायला हवं. प्रत्येक राउंड स्वतंत्र. जिंकणारीला 10, हरणारीला बहुधा 9, फारच एकतर्फी असेल तर 8. सर्वांत आधी बघायचं ते कुणाच्या माराचा किंवा पेचाचा परिणाम जास्त झाला. तिथे बरोबरी झाली तरच कोण पुढाकार घेत होतं आणि कोण पिंजऱ्यात, म्हणजे जाळीने घेरलेल्या लढतीच्या जागेत, वरचढ होतं याकडे जायचं.

7 मार्च 2020 ची झांग विरुद्ध येन्जेचिक ही लढत यासाठी उत्तम आहे. बायकांची आजवरची सर्वोत्तम लढत कोणती असं विचारलं तर मी क्षणाचाही विलंब न लावता हिचं नाव घेईन. 25 मिनिटं दोघींनी एकमेकींना श्वास घेऊ दिला नाही. येन्जेचिकचे नीट बसलेले वार 186, झांगचे 165. तरी दोन पंचांनी लढत झांगला दिली, एकाने येन्जेचिकला. कारण झांगचे ठोसे वजनदार होते. शेवटी येन्जेचिकचं कपाळ इतकं सुजलं होतं की चेहरा ओळखू येत नव्हता. येन्जेचिक संख्येत पुढे, झांग परिणामात. पंचांच्या निकालावर लोक आजही भांडतात आणि त्यात दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत. 2009 साली कुणी म्हणालं असतं की बायका पाच-पाच मिनिटांचे पाच राउंड अशा वेगाने लढतील, तर कुणी विश्वास ठेवला नसता.

वजनाचा काटा

या खेळाची सर्वांत काळजी वाटावी अशी बाजू वजनाची आहे. वजन लढतीच्या आदल्या दिवशी करतात. त्यामुळे खेळाडू आधी काही आठवडे खाणं कमी करतात आणि शेवटच्या एक-दोन दिवसांत अंगातलं पाणी काढतात: गरम पाण्याची आंघोळ, सॉना, पाणी पिणं बंद. काट्यावर उतरल्या की पुन्हा पाणी भरायचं आणि दुसऱ्या दिवशी काही किलो जास्त वजनाने लढायचं. सगळ्याच करतात म्हणून कुणालाच फायदा होत नाही, धोका मात्र सगळ्यांना. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण सरासरीने पुरुषांपेक्षा कमी असतं, त्यामुळे काढायलाही कमीच असतं. सतत उपाशी राहून सराव केल्याने पाळी बंद होणं, हाडं कमजोर होणं हेही प्रश्न आहेत. सप्टेंबर 2018 मध्ये 125 पौंडांच्या फ्लायवेट गटाची पहिली विजेती निको मोंटान्यो वजन उतरवताना रुग्णालयात गेली, लढत रद्द झाली आणि तिचा पट्टाही काढून घेतला गेला.

गट जितके विरळ तितका हा धोका जास्त, हा धागा सहसा जोडला जात नाही. केला हॅरिसनने ज्यूदोत 2012 आणि 2016 अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकली, 78 किलो वजनी गटात. एमएमएत ती आधी पीएफएल या संस्थेत 155 पौंडांवर, म्हणजे साधारण 70 किलोंवर लढली आणि दोनदा विजेती झाली. पण सर्वांत तगडी स्पर्धा हवी असेल तर यूएफसी, आणि यूएफसीत तिला उरलेला सर्वांत मोठा गट 135 पौंडांचा, म्हणजे सव्वाएकसष्ट किलोंचा. एप्रिल 2024 मध्ये तिने ते वजन गाठलं, होमला हरवलं आणि जून 2025 मध्ये विजेतेपदही घेतलं. तिच्या इच्छाशक्तीला सलाम. पण वरचा गट जिवंत असता तर तिला एवढं झिजावं लागलं नसतं.

सिंगापूरच्या वन चॅम्पियनशिपने डिसेंबर 2015 मध्ये एका खेळाडूचा वजन उतरवताना मृत्यू झाल्यावर वेगळा मार्ग धरला. तिथे वजनाबरोबर लघवीची तपासणी करून शरीरात पुरेसं पाणी आहे का हेही बघतात. त्यामुळे त्यांचा ॲटमवेट गट 115 पौंडांचा आहे, जो इतरत्र 105 चा असतो. पाणी न काढता खेळाडूचं जे खरं वजन असतं, त्याच्या जवळ जाण्याचा हा प्रयत्न मला योग्य वाटतो. याच गटात अँजेला ली 2016 मध्ये 19 व्या वर्षी विजेती झाली. याच गटाच्या ग्रां प्री या बाद पद्धतीच्या स्पर्धेत डिसेंबर 2021 मध्ये थायलंडच्या स्टँप फेअरटेक्सने अंतिम लढतीत भारताच्या रितू फोगाटला आर्मबारने हरवलं. स्टँप मूळची मुए थाईची, रितू कुस्तीची, आणि निकाल लागला जिउ-जित्सूच्या डावावर. अडीच वर्षांनी, जून 2024 मध्ये वुशू या चिनी युद्धकलेतून आलेली पूजा तोमर यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय बाई ठरली.

आईपण हाही कळीचा मुद्दा आहे. खेळाडूला लढली तरच पैसे मिळतात, पगार नसतो. त्यामुळे गरोदरपण म्हणजे वर्षभर उत्पन्न बंद. मॅकेन्झी डर्न जून 2019 मध्ये आई झाली आणि त्याच ऑक्टोबरमध्ये पिंजऱ्यात उतरली. चार महिने. ती लढत ती हरली, तिच्या कारकिर्दीतली पहिली हार. ऑक्टोबर 2025 मध्ये तिने स्ट्रॉवेटचा पट्टा जिंकला. तिचं कौतुक करताना एवढ्या लवकर परतावं लागू नये अशी व्यवस्था कुठे आहे, हाही प्रश्न संस्थांना विचारायला हवा.

आज चित्र गटागणिक वेगळं आहे. 115 आणि 125 पौंडांचे गट भरलेले आहेत. 125 मध्ये व्हॅलेंटिना शेवचेंको 2018 पासून राज्य करत होती, तिला मेक्सिकोच्या ॲलेक्सा ग्रासोने मार्च 2023 मध्ये हरवलं, मग बरोबरी झाली, मग सप्टेंबर 2024 मध्ये शेवचेंकोने पट्टा परत घेतला. तीन लढती, तीन वेगळे निकाल. 105 पौंडांच्या लहानखुऱ्या खेळाडूंना यूएफसीत अजून गटच नाही. त्यांना इन्व्हिक्टा किंवा जपानमधली रिझिनसारखी ठिकाणं शोधावी लागतात. फुजीसारख्या मुलींचं घर अजून तिथेच आहे.

आणि 135 चा गट, जिथून हे सगळं सुरू झालं, तोच आता विरळ होत चालला आहे. जून 2025 च्या रात्री हॅरिसन जिंकल्यावर तिच्यासमोर येऊन उभी राहिली ती दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेली नुनेस. लोकांना ती लढत हवी आहे, मलाही हवी आहे. पण विजेतीला तोडीस तोड म्हणून निवृत्त खेळाडूकडे बघावं लागत असेल, तर खालून चढणाऱ्या पंचविशीतल्या मुली कमी पडत आहेत. हा गट पुन्हा भरायचा तर इन्व्हिक्टासारख्या ठिकाणी आज पहिली-दुसरी लढत लढणाऱ्या, कुणाला नावही माहीत नसलेल्या मुलींना हरल्यावरही पुढची लढत मिळत राहायला हवी.